खंडाईत सरांचं एम. ई.

वामन खंडाईत सरांना मी खुर्चीत बसलेलं क्वचितच पाहिलं. भंडाऱ्याच्या एका खासगी तंत्रनिकेतनात आम्ही बरोबर शिकवत होतो. ते मोटारगाड्यांची इंजिनं शिकवायचे, मी गणित. शिक्षकखोलीत त्यांच्या वाट्याची एक खुर्ची होती, पण तिच्यावर कायम दुसऱ्या कुणाची तरी पिशवी नाहीतर छत्री असायची, कारण सरांना ती लागायचीच नाही. चहाचा कप हातात घेऊन ते बोलत बोलत निघायचे, कुठल्यातरी खिडकीत तो ठेवायचे आणि विसरून जायचे. संध्याकाळी शिपाई इमारतभर फिरून त्यांचे अर्धे भरलेले कप गोळा करायचा. वर्गात ते फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत येरझारा घालत शिकवायचे, आणि मुलांच्या माना त्यांच्याबरोबर फिरत राहायच्या.

बेताची उंची, काटक अंग, शर्टाच्या बाहीला कुठेतरी ग्रीस. रस्त्यात कुठलंही वाहन उभं दिसलं की ते उकिडवे बसून त्याच्या पोटाखाली बघायचे. एकदा मोठे साहेब तपासणीला आले, तेव्हा स्वागताचा हार खंडाईत सरांच्या हातात दिला होता. साहेब जीपमधून उतरून उभे राहिले आणि सर हारासकट जीपखाली डोकावून मागच्या धुऱ्याला, म्हणजे चाकांच्या आसाला, कसला आवाज येतोय ते ड्रायव्हरला विचारत बसले. प्राचार्यांनी त्यांच्या हातून हार काढून घेतला, तेही त्यांना कळलं नसावं.

आणि त्यांचं ते "आन् मंग?" कुणी काहीही सांगितलं, की सर मान पुढे काढून विचारायचे, "आन् मंग?" गाडी बंद पडली म्हणा, मुलगा नापास झाला म्हणा, त्यांचं समाधान व्हायचं नाही. कारणामागचं कारण त्यांना हवं असायचं. कित्येकजण त्यांना टाळायचे ते त्यामुळेच. मी तुमसरच्या धान्याच्या व्यापाऱ्यांच्या घरातली. आमच्याकडे बोलणं आटोपतं घ्यायची सवय. मलाही सुरुवातीला त्यांचा वीट यायचा.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला, एका रोवण्याच्या, म्हणजे धान लावणीच्या, दिवसांत सर पंधरवडाभर आले नाहीत. आले तेव्हा डोकं भादरलेलं होतं.

ते साकोलीकडच्या एकोडीचे. तिथे त्यांचा चुलतभाऊ नामदेव शेती बघायचा. दोघं एका वयाचे, एका घरात वाढलेले. नामदेवनं हौसेनं ट्रॅक्टर आणला होता. धानाच्या बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या खाचरात, चिखलणी करताना ट्रॅक्टरची मागची चाकं रुतली. अशा वेळी सगळे जे करतात तेच त्यानं केलं. मागच्या दोन्ही चाकांना साखळीनं एक आडवं लाकूड बांधलं, म्हणजे चाकं लाकडावर चढून चिखलाबाहेर येतील. वर बसला, गिअर टाकला आणि क्लच सोडला. ट्रॅक्टरचं तोंड आभाळाकडे उठलं आणि सबंध ट्रॅक्टर मागं पलटी झाला. नामदेव खाली सापडला. रोवणा करणाऱ्या बाया धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

गावानं आपापली कारणं काढली. कुणी म्हणालं, त्या बांधीच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, मोहाच्या झाडाखाली काहीतरी आहे. ट्रॅक्टर विकणाऱ्याकडचा माणूस येऊन चालवणाऱ्याची चूक म्हणून सांगून गेला. तेराव्याच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर नामदेवची बायको देवका सरांसमोर येऊन उभी राहिली. हा प्रसंग सरांनी मला एकदाच सांगितला, तेव्हाही व्हरांड्यात फेऱ्या मारत.

"भाऊजी, तुमी तं पोरायले इंजनच शिकवता," ती म्हणाली होती. "मंग हे कायनं झालं ते सांगा मले. भूत होतं, का ह्यायची चूक होती?"

सरांना उत्तर देता आलं नाही. चाकाचं, गिअरचं सगळं गणित त्यांना पाठ होतं. पण उभा ट्रॅक्टर काहून उठला हे त्या बाईला समजेल असं सांगता येईना. खरं म्हणजे स्वतःलाच नीट सांगता येईना. "पंधरा वर्षं झाली का शिकवून?" ते मला म्हणाले. मग स्वतःच हात झटकला आणि पुढच्या टोकापर्यंत चालत गेले.

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी त्यांनी बिनपगारी रजेचा अर्ज दिला आणि पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑटोमोबाइलमध्ये एम. ई. करायला निघाले. पदवी त्यांनी नोकरी करता करता घेतली होती. आता चाळिशी जवळ आलेली, दोन मुली शाळेत. प्राचार्य म्हणाले, या वयात कशाला? घरी तर वादळच झालं. सरांच्या बायकोचा, सुमनवहिनींचा, भाऊ जवाहरनगरला आयुध कारखान्यात नोकरीला होता. क्वार्टर, दवाखाना, मुलांना न्यायला-आणायला बस, असं त्याचं सगळं बसलेलं होतं. तिथे सरांसारख्या माणसासाठी जागा निघणार होती, आणि त्यानं दोनदा येऊन अर्ज करायला सांगितलं होतं. सर त्याला कारखान्यातल्या बसच्या ब्रेकबद्दल विचारत राहिले. अर्ज राहिलाच.

वहिनी मुलींना घेऊन एकोडीला गेल्या आणि घरची शेती बघू लागल्या. त्या जाण्याआधी मी भेटायला गेले. भांडी पोत्यात भरता भरता त्या एवढंच म्हणाल्या, की ह्या माणसाला कुठं ठेवलं तरी तो तिथं नसतोच, मग पुण्यात असला काय आणि घरी असला काय.

माझी बहीण पुण्याला दिलेली. एका उन्हाळी सुट्टीत तिच्याकडे गेले असताना मी सरांचं कॉलेज शोधत गेले. प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात एक मोठा पत्र्याचा टब होता, त्यात काळा चिखल, आणि त्या चिखलात हातभर लांबीचा लोखंडी ट्रॅक्टर. सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्याच्याभोवती फिरत होते. त्यांच्याबरोबरची पोरं त्यांच्या निम्म्या वयाची. ती त्यांना 'चिखलकाका' म्हणायची. कुणाचा विषय मोटारींचे स्प्रिंग, कुणाचा इंजिनातलं ज्वलन. शिकून झाल्यावर कारखान्यांत जायचं सगळ्यांचं ठरलेलं. सरांच्या मार्गदर्शकांनीही त्यांना असाच एखादा विषय घ्यायला सुचवलं होतं. ते सज्जन गृहस्थ होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की माणूस हुशार आहे, पण दोन पानं लिहिली की उठतो. आणि पाऊस लागला की सांगून न सांगून गावाला निघून जातो.

ते खरंच होतं. रोवण्याच्या दिवसांत सर पुण्यात थांबूच शकायचे नाहीत. एकोडी, लाखनी, तुमसरकडची गावं पायी आणि एसटीनं पालथी घालायचे. कुठं ट्रॅक्टर रुतला असं कळलं की तिथं हजर. अशा दोन पावसाळ्यांनी त्यांचं एक सत्र बुडालं, मग दुसरंही लांबलं. तंत्रनिकेतनातली रजा संपत आली. मी गणिताचं थोडंफार बघून द्यायचे. समीकरणं मांडायला सर तुमसरला माझ्या घरी आले की माझ्या वडिलांच्या ओसरीवर इतक्या येरझारा घालायचे, की वडील उठून दुकानात जाऊन बसायचे.

अशाच एका दिवशी गणित जमलं. अंगणात उभे राहूनच त्यांनी मला समजावलं. चाक मोकळं असलं, तर इंजिन चाकाला फिरवतं. पण चाक लाकडानं जखडलं, वर चिखलानं धरलं, तर ते फिरणार नाही. "आन् मंग?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. "इंजन तं जोर लावूनच रायलं ना बाई. चाक नाई फिरलं तं ते ट्रॅक्टरलेच फिरवते, त्याच धुऱ्याभोवती. तोंड उठते. आन् इतक्या झटक्यानं उठते का मानसाले क्लच दाबाले सवडच नाई भेटत." त्यांचा आवाज एकदम उतरला. "नामदेवची चूक नोती. मी असतो तं मीबी तेच केलं असतं."

तेवढ्यावर थांबतील तर ते खंडाईत सर कसले. ट्रॅक्टर उठणार हे नक्की असेल, तर उठल्यावर माणूस कसा वाचेल, हा पुढचा प्रश्न होताच. त्यांनी जाड पाइपांची एक चौकट तयार केली. चालकाच्या पाठीमागून उभी राहून डोक्यावरून जाणारी, आणि बसायच्या जागेला कॅनव्हासचा पट्टा. टबातल्या ट्रॅक्टरवर ती चालली. मार्गदर्शक म्हणाले, झालं, आता लिहा. सर म्हणाले, खऱ्या ट्रॅक्टरवर बघितल्याशिवाय लिहिणार नाही. खरा ट्रॅक्टर पलटी करायला कोण देणार?

नामदेवचा ट्रॅक्टर गोठ्याशेजारी तसाच उभा होता. त्याला कुणी हात लावत नव्हतं, विकत घेणं तर दूरच. सरांनी देवकाला विचारलं. ती म्हणाली, न्या.

धान कापून झाल्यावर, ऐन थंडीत, सरांनी तीच बांधी तळ्याच्या पाण्यानं भरून घेतली आणि चिखल केला. मी सकाळच्या बसनं गेले होते. सगळी एकोडी पाळीवर उभी होती. ट्रॅक्टरवर चौकट बसवलेली, चाकांना लाकूड बांधलेलं. क्लच एका दांड्यानं दाबून ठेवला होता; दांड्याला दोर बांधून तो लांब पाळीपर्यंत आणला होता. दोर ओढला की दांडा निघणार आणि क्लच सुटणार. चालकाच्या जागी भुशानं भरलेलं पोतं पट्ट्यानं बांधायचं ठरलं होतं. सर नेहमीसारखे इकडून तिकडे धावत होते. मग एकदम थांबले आणि पोतं सोडू लागले.

मला आधी कळलंच नाही. जवळ गेले तर ते पुटपुटत होते, की पोत्याला काय समजणार, मान कशी हिसकते, पट्टा कुठं काचतो, हे बसल्याशिवाय कळणार नाही. मी म्हटलं, सर, हे वेड आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पोतं खाली टाकलं आणि चढायला चाकावर पाय ठेवणार, एवढ्यात सुमनवहिनी चिखलात उतरल्या. लुगडं गुडघ्यांवर खोचलेलं. त्या दुसऱ्या बाजूनं चढल्या आणि सरळ चालकाच्या जागेवर जाऊन बसल्या. पट्टा घेऊन स्वतःच्या कमरेला लावला.

"उतर," सर म्हणाले.

"नाई उतरत. वढा दोर."

"सुमन, उतर म्हंतो ना."

"काहून? तुमचा भरोसा हाये ना या पायपावर?" वहिनींचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मंग मी बसली काय आन् तुमी बसले काय. इतकी वर्सं मी सांगूनच रायली का घरी बसा, तुमाले आयकू नाई आलं. आज मीच बसतो. वढा."

सर चाकाला हात लावून उभे होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना एका जागी खिळलेलं पाहिलं. शेवटी त्यांनी खाली वाकून पोतं उचललं आणि वहिनींपुढे धरलं. वहिनींनी पट्टा सोडला, पोतं स्वतःच्या हातांनी जागेवर बसवलं, पट्टा आवळून बांधला आणि उतरल्या. कुणाकडे न बघता पाळीवर येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी काढून घेतला नाही.

सरांनी इंजिन सुरू केलं, गिअर टाकला, पाळीवर आले आणि दोर ओढला.

मी डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं होतं, तरी नीट दिसलंच नाही, इतक्या झटक्यात ते झालं. तोंड उठलं, ट्रॅक्टर सरळ उभा झाला, मागं गेला आणि चौकट धपकन चिखलात रुतली. तिथंच थांबला. पुढची चाकं आभाळाकडे, इंजिन किंचाळतंय, धूर निघतोय. पोतं जागेवर होतं, पट्ट्यात आडवं, चौकटीच्या आत. सर चिखलातून धडपडत गेले आणि इंजिन बंद केलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. देवका पाळीवरून उतरली. हळूहळू ट्रॅक्टरपाशी गेली. चौकटीच्या आत हात घालून तिनं पोतं चाचपून पाहिलं, वरपासून खालपर्यंत, जसं पडलेल्या लेकराला कुठं लागलं का ते बघावं.

"भाऊजी," तिनं विचारलं, "म्हंजे हे तवा असतं, तं हे वाचले असते?"

सर चिखलानं माखले होते. "हो," ते म्हणाले.

ती तिथंच उभी राहून रडली. घडलं त्यावेळी ती रडली नव्हती, असं वहिनींनी मला नंतर सांगितलं.

त्या हिवाळ्यात सरांनी प्रबंध लिहून काढला. कसा लिहिला त्यांचं त्यांना माहीत. वहिनी म्हणत, खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून उभ्यानं लिहायचे. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक परीक्षक आले होते. त्यांनी सगळं वाचून एकच हरकत घेतली. ट्रॅक्टरच्या चाकाला लाकूड बांधणं म्हणजे यंत्राचा गैरवापर. चुकीच्या वापराचा अभ्यास हा अभियांत्रिकीचा विषय कसा होईल? तेवढा भाग काढा, बाकी ठीक आहे. मार्गदर्शकांनी सरांना डोळ्यांनी खुणावलं, की हो म्हणा. इतक्या वर्षांनी पदवी हातात येत होती.

सर उठून उभे राहिले. परीक्षेच्या खोलीतही त्यांनी फेऱ्या मारायला सुरुवात केली. मग परीक्षकांनाच विचारलं, की संध्याकाळ झाली आहे, पाऊस चालू आहे, बाया रोवण्यासाठी बांधीवर थांबल्या आहेत, दुसरा ट्रॅक्टर पंचक्रोशीत नाही, आणि तुमची चाकं रुतली. तुम्ही काय कराल? परीक्षक वयस्क होते, प्रामाणिक होते. त्यांनी खरोखरच विचार केला. सर सांगत, की त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, जवळपास लाकूड आहे का ते बघेन. तो भाग प्रबंधात राहिला. सर एम. ई. झाले.

मला वाटलं, आता हा माणूस बसेल. तंत्रनिकेतनात परत आल्यावर पगार वाढला, विभागप्रमुखपद मिळालं, वहिनी मुलींना घेऊन भंडाऱ्याला परत आल्या. पण सरांना चैन नव्हती. गावोगावच्या लोहारांना ते चौकट करायला शिकवत फिरू लागले. काही शेतकऱ्यांनी बसवून घेतल्या. त्यातल्या बऱ्याच वर्ष-दोन वर्षांत निघाल्याही. झाडाच्या फांद्यांत अडकते, गोठ्याच्या दारातून आत जात नाही, पोरं हसतात. एकानं ती काढून तिच्यावर दोडक्याचा वेल चढवला होता. सरांनी तो वेल पाहिला, दोडके चांगले लागले आहेत म्हणाले, आणि घरी येऊन चौकट दुमडता कशी येईल याची आकृती काढायला घेतली.

हंगामात तुमसरच्या राइस मिलपुढे धानाच्या ट्रॉल्यांची लांब रांग लागायची. सर रविवारी तिथं येऊन एकेका ट्रॅक्टरवाल्याला गाठायचे. वडील वैतागून मला म्हणायचे, तुझ्या त्या मास्तरले सांग, पोते उतराले टाइम होऊन रायला. मी निरोप दिला की सर विचारायचे, "आन् मंग? कोनी आयकलं का?" कुणी ना कुणी ऐकलेलं असायचंच, एखाददुसरा.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं असेल. माझं लग्न होऊन मी गोंदियाला गेले होते. सरांनी तंत्रनिकेतन सोडल्याचं कानावर आलं होतं. कुठं गेले, कुणी नीट सांगत नव्हतं. एका वैशाखात मी साकोलीवरून बसनं येत होते. वाटेत बस थांबली. पुढं रस्त्यात एक ट्रॅक्टर आडवा उभा होता आणि त्याच्या ट्रॉलीत लग्नाचं वऱ्हाड, खच्चून भरलेलं, काठावर पाय सोडून बसलेलं. ट्रॅक्टरपुढे हात पसरून खंडाईत सर उभे होते. केस पांढरे झालेले, शर्ट घामानं चिकटलेला. नवरदेवाकडची दोघं-तिघं त्यांच्यावर तावातावानं ओरडत होती. सर ऐकतच नव्हते. त्यांनी ट्रॉलीचं फळकं खाली पाडलं आणि एकेका बाईला हात देऊन उतरवू लागले. कुणाचं तरी तान्हं पोर त्यांच्या एका हातावर होतं. दुसऱ्या हातानं ते ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणारी झिजलेली खीळ ड्रायव्हरला हलवून दाखवत होते. ड्रायव्हर आधी हसला. मग खाली वाकून बघू लागला.

माझ्या शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कोन होय वं तो बाई? वऱ्हाड काहून उतरवून रायला?"

"मास्तर होय," मी म्हटलं. "आमच्या गावाकडचे. ट्रॅक्टरचं शिकले."

म्हातारीनं खिडकीबाहेर मान काढली. आमच्या बसला बाजूनं जायला वाट मिळाली होती. बायका रस्त्याच्या कडेला पळसाखाली सावलीत बसत होत्या, नवरदेव बाशिंग हातात धरून उन्हात उभा होता. मी हाक मारली, पण बसच्या आवाजात ती त्यांच्यापर्यंत गेली नाही. सरांनी ते पोर त्याच्या आईकडे दिलं आणि ट्रॉलीखाली शिरले. बस पुढं निघाली तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसत होते.